चालतं हॉटेल

शुक्रवार, १४ मे १९०९. वेस्टरक्लिट.

खिडक्यांवरच्या हिवाळ्यातल्या फळ्या आज काढल्या. एकेक फळी उतरली की एकेक खोली डोळे चोळत जागी झाल्यासारखी वाटते. अकरा खोल्या, दोन मजले, सगळं लाकूड नॉर्वेहून जहाजाने आणलेलं. तेरा वर्षांपूर्वी माझ्या बायकोने, सिसेलने, आणि मी ह्या कड्यावर हॉटेल बांधलं तेव्हा सगळं गाव हसलं होतं. कोळ्यांच्या वस्तीत हॉटेल! इतक्या गार समुद्रात डुंबायला कोण येणार? आले. अजून येतात.

सिसेल जाऊन सहा वर्षं झाली. तिची खोली, वरच्या मजल्याच्या टोकाची, समुद्राकडची पाच नंबरची, मी कोणाला देत नाही.

हिवाळ्यात कडा जरा ढासळलेला दिसतो. कुंपणाचे तीन खांब जागेवर नाहीत. व्हरांड्याच्या पायरीपासून कडेपर्यंत पावलं मोजली. एकेचाळीस. गेल्या मे महिन्यातही एकेचाळीसच होती, जुन्या वहीत काढून पाहिलं. म्हणजे काळजीचं कारण नाही. खांब वाऱ्याने गेले असतील.

बोडिलबाईंनी मोजली तर एकोणतीस भरली. त्यांची पावलं लांब पडतात. शेतावर वाढलेल्या बायका अशाच ढांगा टाकतात.

२२ मे

सकाळपासून समुद्रावरचं धुकं. असलं धुकं आलं की हॉटेल जमिनीवर आहे असं वाटतच नाही. पायऱ्यांच्या खाली पांढरं, छपराच्या वर पांढरं, आणि मधे कुठेतरी कोणी गाढ झोपेत श्वास घ्यावा तशा लाटा. वीस वर्षं मी जहाजांवर स्वयंपाकी होतो. अशा सकाळी वाटतं, आपण अजून तिथेच आहोत, आणि बोडिलबाई खाली भांडी घासताहेत तो जहाजाचा भटारखाना आहे.

बोडिलबाई बारा वर्षं इथलं सगळं बघतात. शेवटच्या वर्षी सिसेलचंही त्यांनीच केलं. त्यांच्याबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच: त्यांच्या हातचं माशाचं सार कोपनहेगनातही मिळायचं नाही, आणि राग आला की त्या गप्प होतात. गेला आठवडा गप्प आहेत.

दुपारी पाहिलं तर चिनी मातीच्या चांगल्या बशा पेंढ्यात गुंडाळून पेटीत भरत होत्या.

"पाहुणे यायची वेळ झाली आणि तुम्ही बशा बांधून ठेवताय?"

"रोजच्याला जाड्या बशा पुरतात, मालक. ह्या फुटल्या तर परत मिळायच्या नाहीत."

"फुटतील कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, आणि पेंढा कोंबायला लागल्या.

९ जून

दोघी बाग्गेबाई आल्या. बहिणी आहेत, दोघींनी लग्न केलं नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. गाडीतून उतरून थोरल्या थेट कड्याकडे गेल्या आणि काठी टेकून उभ्या राहिल्या.

"मालक, यंदा समुद्र पार दाराशी आणून ठेवलात की! बरं केलंत. माझ्या गुडघ्यांना एवढं चालवत नाही आताशा."

धाकट्यांना ऐकू येत नाही. "काय म्हणतेय ही?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणतात, समुद्र जवळ आला!" मी कानाशी ओरडलो.

"येणारच," धाकट्या म्हणाल्या. "उन्हाळा आहे."

सगळे हसलो. बोडिलबाई हसल्या नाहीत. सामान उचलून आत गेल्या.

संध्याकाळी दोघींना व्हरांड्यात लाल बेरींची खीर आणि साय दिली. ह्या दिवसांत उजेड जायचं नावच घेत नाही. पाणी दुधासारखं, आकाश पाण्यासारखं. दोघी म्हाताऱ्या वाट्या हातात धरून बसल्या होत्या आणि किती तरी वेळ कोणी बोललं नाही. हॉटेल मी ह्यासाठीच बांधलं. हे सिसेलला फार आवडायचं.

१७ जून

मागच्या वाळूच्या टेकड्यांपलीकडे बोडिलबाईंच्या वडिलांची माळजमीन आहे. वडील गेल्यावर ती त्यांच्या नावावर झाली. हेदरची झुडपं, चार गाई चरायला सोडलेल्या, बाकी काही नाही. आज लोण्यासाठी पलीकडच्या शेतावर चाललो होतो, तर माळावर बोडिलबाई आणि क्रेस्टन.

क्रेस्टन होड्या बांधतो. आम्ही दोघं एकाच बाकावर शाळा शिकलो. त्याचीही बायको वारली, दहा वर्षं झाली. त्याच्या हातात सुतळीचा गुंडा होता, बोडिलबाईंच्या एप्रनमध्ये खुंट्या. मला पाहून दोघंही ताठ उभे राहिले.

"काय रे, काय चाललंय?"

"काही नाही. जमीन बघतोय," क्रेस्टन म्हणाला. "घट्ट आहे चांगली."

"घट्ट कशाला हवी?"

"उभं राहायला!" आणि मोठ्याने हसला. बोडिलबाईंचा चेहरा लाल झाला. वारा होता म्हणा.

लोणी आणायचं विसरून परत आलो.

२४ जून

काल सेंट हान्सची, भर उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी झाली. सगळं गाव किनाऱ्यावर. जुन्या होडीच्या फळ्या, फुटकी पिंपं, सगळं पेटवलं. थोरल्या बाग्गेबाई गाणी म्हणत होत्या, धाकट्या भलत्याच जागी टाळ्या वाजवत होत्या. माझं मात्र लक्ष नव्हतं. बोडिलबाई आणि क्रेस्टन शेकोटीपासून लांब उभे राहून बोलत होते. तो हाताने काही तरी ओढून दाखवत होता. त्या मान हलवत होत्या. एकदा तर त्यांनी त्याचा दंड धरला.

मला त्याचं काय? क्रेस्टन भला माणूस आहे, पीत नाही, हात सोन्याचे. बोडिलबाई पंचेचाळिशीच्या आहेत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या. आता स्वतःचं घर करावंसं वाटलं तर चुकलं कुठे? बशा का बांधल्या तेही आता कळलं. तशा बशा माझ्या आहेत, पण त्यांना हव्या असतील तर माझी ना नाही.

फक्त माशाचं सार कोण करणार, हा प्रश्न उरतो. त्या एकाच प्रश्नाने आज दिवसभर छाती भरून आल्यासारखी वाटतेय. बहुतेक शेकोटीचा धूर.

३ जुलै

कोणी नाही असं बघून माळावर गेलो. खुंट्या ठोकल्यात, सुतळी ताणलीय. घर चांगलं मोठं दिसतंय. फार मोठं. लांबी पाहिली, रुंदी पाहिली, समोर व्हरांड्याची जागा सोडलीय, मधे जिना. वरखाली मिळून अकरा खोल्या सहज निघतील.

सुतळीच्या आत उभा राहिलो आणि मग डोक्यात उजेड पडला. अरे, हा तर हॉटेल काढतोय! क्रेस्टन! माझ्या हॉटेलचा आराखडा जसाच्या तसा उचललाय, जिन्याचं वळणसुद्धा. आणि बोडिलबाई स्वयंपाकघर सांभाळणार. मग माझ्याकडे कोण येईल?

बराच वेळ तिथेच बसलो. गाई येऊन हुंगून गेल्या. तिथे वारा लागत नाही. समुद्र दिसतही नाही, नुसता ऐकू येतो, शेजारच्या खोलीत कोणी बोलत असल्यासारखा. बसल्या बसल्या रागच निघून गेला. चोरी म्हणायची तर आराखडा चांगला आहे म्हणून चोरला ना.

११ जुलै

आज जे झालं ते लिहितानाही कान गरम होताहेत.

सिसेलचे चांदीचे सहा चमचे होते. पुसले, कागदात गुंडाळले, आणि सकाळी स्वयंपाकघरात जाऊन बोडिलबाईंपुढे ठेवले. त्या मासे साफ करत होत्या. क्रेस्टनही तिथेच कॉफी पीत बसला होता. म्हटलं, बरंच झालं, दोघं एकदम भेटले.

"हे तुमच्यासाठी. सिसेललाही हेच वाटलं असतं. माझ्या मनात काही राग नाही. नव्या हॉटेलाला यश येवो, आणि तुम्ही दोघं सुखी राहा."

बोडिलबाईंच्या हातात सुरी तशीच राहिली. "दोघं कोण?"

"तुम्ही. आणि क्रेस्टन."

क्रेस्टनला ठसका लागला. कॉफी नाकातून आली. "मी? बोडिलशी लग्न? अरे बाबा, ही मला पहिल्या आठवड्यात घासून खुंटीला वाळत घालेल!"

"मग खुंट्या कसल्या? सुतळी कसली? अकरा खोल्या कोणाच्या?"

 बोडिलबाईंनी हात धुतले, पुसले, चमच्यांचा कागद पुन्हा नीट घडी करून माझ्याकडे सरकवला.

"तुमच्या," त्या म्हणाल्या. "हे घर तिकडे न्यायचंय, मालक. आहे तसं. हेच."

मग क्रेस्टन बोलत सुटला. किनाऱ्यावर होड्या ओढायचा रहाट, त्याच्यासारखे दोन, जाड दोर, खाली तुळया, तुळयांना साबण चोपडायचा, आठ घोडे. विटांची धुराडी आधी उतरवायची. घर लाकडाचं, एकसंध, "होडीला तळ असतो तसाच ह्याला आहे, सेव्हेरीन, नीट उचललं तर हूं की चूं करणार नाही." गावातल्या एकोणीस जणांनी हो म्हटलंय. मेपासून ठरतंय. सगळ्यांना माहीत होतं. बाग्गेबाईंनासुद्धा!

"आणि मला कोणी विचारलं नाही?"

"मेमध्ये मी पावलं मोजून सांगितली होती की, एकोणतीस," बोडिलबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, हे घर हलणार नाही. सिसेलला मी शब्द दिलाय. शेवटच्या महिन्यांत मी तिच्या खोलीत गेलो की ती खिडकीकडे तोंड करून म्हणायची, "इथून समुद्र किती छान दिसतो, सेव्हेरीन." मी तिला म्हणालो होतो, ही खिडकी समुद्रासमोरून कधी हटणार नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कोणाच्या रहाटाने ओढून नेता येत नाही.

चमचे घेऊन वर आलो. जेवायला गेलो नाही.

१२ जुलै

पावलं मोजली. एकेचाळीस.

३ ऑगस्ट

आज झालं ते आजच लिहून ठेवतो.

दुपार अगदी निवांत होती. वारा नाही, समुद्र सपाट, मधमाश्या गुणगुणताहेत. धाकट्या बाग्गेबाई कड्याजवळच्या बाकावर विणत बसल्या होत्या. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होतो. मधेच मान वर केली तर बाक नव्हता. बाई नव्हत्या. आकाश होतं फक्त. आवाज असा काहीच झाला नाही, कोणी गव्हाचं पोतं ओतावं तेवढाच.

मी उठलो. पण पाय हलेनात. ओरडता येईना. स्वप्नात होतं तसं अगदी.

बोडिलबाई माझ्या बाजूने पळत गेल्या. अनवाणी. कडेशी थांबल्यासुद्धा नाहीत, वाळूवरून बसून घसरत खाली. मी कसाबसा कडेपर्यंत पोचलो आणि पोटावर पडून खाली पाहिलं. कड्याचा मोठा तुकडा तसाच्या तसा घसरून किनाऱ्यावर गेला होता, आणि त्याच्यावर बाक, बाकावर धाकट्या बाग्गेबाई. टोपी डोक्यावर, विणकाम हातात. कमरेपर्यंत वाळूत. बोडिलबाई दोन्ही हातांनी वाळू उपसत होत्या आणि रडत होत्या. बोडिलबाईंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. सिसेल गेली तेव्हाही नाही.

"अगं, रडतेस काय!" धाकट्या म्हणत होत्या. "मला मजा वाटली. लहानपणी घसरगुंडी होती आमच्याकडे. एक टाका मात्र सुटला."

क्रेस्टन आणि चार कोळी आले, बाईंना खुर्चीत बसवून वर आणलं. खरचटलंदेखील नाही. थोरल्यांनी त्यांना मिठी मारली आणि मग असं काही झापलं की त्या ऐकू येत नसूनही गप्प झाल्या.

बोडिलबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पायांना रक्त, केसांत वाळू.

"आज त्या हसल्या, मालक," एवढंच म्हणाल्या.

४ ऑगस्ट

सकाळी क्रेस्टनकडून गाठी मारलेला दोर आणला. पायरीला एक टोक बांधलं आणि कडेपर्यंत नेला. सतरा हात. दोनदा मोजलं.

मग तिथेच वाळूवर चालून पाहिलं. माझ्या पायांचे ठसे पाहिले. एका ठशाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लागलेली. किती दिवस मी असा चालतोय? आणि घरातली माणसं वर्षभर हे बघत होती?

बोडिलबाई पाच नंबरमध्ये धूळ पुसत होत्या. किल्ली त्यांच्याकडेही असते. मी आत गेलो आणि पलंगाच्या कडेवर बसलो.

"तिला काय सांगू आता?" मी म्हणालो. "ह्या समुद्रावर तिचा जीव होता."

त्या पुसत राहिल्या. पुसून झालेलंच पुन्हा पुसत होत्या. मग फडकं खाली ठेवलं.

"बारा वर्षं तुमचं ऐकलं, मालक. आज एक माझं ऐका. मी हे कधी बोलणार नव्हते. बाईसाहेबांना समुद्र बघवत नसे."

"काय?"

"भीती वाटायची त्यांना. त्यांचा जन्म आतल्या गावातला, गाईगुरांतला. सकाळी मी आले की म्हणायच्या, पडदा ओढ, बोडिल, ते पाणी माझ्या अंगावर येतंय. मग मी पलंग फिरवून देई. मागच्या खिडकीकडे. दिवसभर त्या माळ बघत पडायच्या. गाई मोजायच्या. तुम्ही जिन्यावर आलात की म्हणायच्या, लवकर, फिरव मला, उघड पडदा, येतोय तो."

मी समुद्राकडच्या खिडकीकडे पाहिलं.

"तुम्हाला आवडतं म्हणून," बोडिलबाई म्हणाल्या. "म्हणायच्या, त्याने सगळा जन्म जहाजाच्या तळघरात बटाटे सोलले आणि बाहेरचा समुद्र त्याला कधी दिसला नाही. आता बघू दे त्याला पोटभर."

फरशीवर पाहिलं. पलंगाच्या पायांनी लाकडावर अर्धवर्तुळ काढलंय, चांगलं खोल. सहा वर्षं ही खोली मी जपली. ते मला कधी दिसलं नाही.

 मग मीच उठून मागचा पडदा उघडला. खाली टेकड्यांपलीकडे माळ होता, जांभळा फुललेला, आणि त्यात चार गाई.

"क्रेस्टनला निरोप द्या," मी म्हणालो.

६ सप्टेंबर

शेवटचे पाहुणे गेले. बाग्गेबाई सोडून. "गाडीत बसून मी अर्धा डेन्मार्क फिरले," थोरल्या म्हणाल्या, "घरात बसून एक माळ ओलांडायला काय झालं?" क्रेस्टनने डोक्याला हात लावला. पण धाकट्यांनी त्याच्यासाठी मोजे विणलेत, त्यामुळे नाही म्हणवेना.

धुराडी उतरली. घराखालून माती काढून तुळया सारल्या. दोन टेकड्यांमधली खिंड फळ्या टाकून सपाट केली. सतरा हातांचे आता चौदा झालेत. सगळ्यांना घाई आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही.

१५ सप्टेंबर

आज हललं.

सकाळी नऊला क्रेस्टनने शिट्टी मारली. घोडे रहाटाभोवती फिरू लागले, दोर ताणला, त्यातून पाणी निथळलं, लाकूड कण्हलं. काही झालं नाही. पुन्हा शिट्टी.  मग एकदम, जहाज धक्क्यावरून सुटताना होतं तसं, काही तरी सुटलं. थोरल्या बाग्गेबाई भोजनगृहाच्या खिडकीत कॉफी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कप वर करून दाखवला. थेंब सांडला नव्हता.

"सेव्हेरीन, आत जा आणि बस!" क्रेस्टन ओरडला. "इथे उभा राहून घोड्यांना घाबरवू नकोस!"

मी पाच नंबरमध्ये जाऊन बसलो. मागच्या खिडकीशी. तास दोन तास बसलो असेन. आवाज फारसा नाही, तुळयांवर साबणाची हलकी चरचर, घोडेवाल्यांच्या हाका लांबून. आणि खिडकीतून जग सरकत होतं. इतकं हळू, की सरकतंय हे कळेपर्यंत ते सरकून गेलेलं असे. वाळूची टेकडी आली आणि मागे राहिली. गवत आलं. टेकडीच्या उतारावर उभी एक गाय आली, अगदी काचेशी, रवंथ करत. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. घर चालत आलेलं तिला नवीन वाटलं नाही. ती तिच्या वेळेने डावीकडे निघून गेली.

वीस वर्षं जहाजांवर काढली, पण इतक्या शांत समुद्रावर कधी नव्हतो. मधेच मी सिसेलशी मोठ्याने बोललो. एवढंच म्हणालो, "मोज." दुसरं काही सुचलं नाही.

मग डोळे पुसून खाली आलो, तर बोडिलबाई चालत्या घराशेजारी मासे तळत होत्या. बाहेरच्या चुलीवर, घराच्या बरोबरीने चुलीची हातगाडी ढकलत! सगळ्या माणसांना काळ्या पावाबरोबर गरम मासे दिले. दिवसाच्या शेवटी मागे वळून पाहिलं तर आमचं जुनं अंगण, पायऱ्या, तळघराचं भोक, झेंड्याचा खांब, सगळं कड्यावर एकटं राहिलं होतं. दात पडल्यावर दिसतं तसं.

२३ सप्टेंबर

पोचलो. आठ दिवस लागले. एक दोर तुटला, एका घोड्याचा पाय मुरगळला, मधल्या खिंडीत घर दीड दिवस तिरकं उभं होतं आणि तेवढे दिवस सगळे पदार्थ ताटात एका बाजूला जायचे. पण पोचलो. खुंट्यांच्या आत, सुतळीला सुतळी लावून. माणसांनी टोप्या उडवल्या. क्रेस्टन मात्र भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते.

जमीन बोडिलबाईंची आहे, हे माझ्या आजच नीट ध्यानात आलं. संध्याकाळी म्हणालो, "म्हणजे आता मी तुमच्या जागेत राहतो."

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा पाय पुसून आत येत जा."

१७ ऑक्टोबर

धुराडी पुन्हा उभी राहिली. पहिला धूर सरळ वर गेला. कड्यावर असताना कधीच जात नसे.

बाग्गेबाईंचं पत्र आलं. पुढच्या वर्षीही येणार. धाकट्यांनी खाली लिहिलंय की समुद्र आता फार लांब गेला, तेव्हा बाक घराजवळच ठेवा. थोरल्यांच्या काही मैत्रिणीही येणार आहेत, त्यांना चालून आलेल्या घरात झोपायचंय.

पाच नंबर उघडली. पुढल्या उन्हाळ्यात ती धाकट्यांना देईन म्हणतो.

रविवार, २८ नोव्हेंबर

उठलो तेव्हा खोलीत चांगला उजेड होता. आधी कळेना कुठे आहे. अंग जड, गरम, कित्येक वर्षांनी बंदरात झोपून उठल्यासारखं. माळावर गवत आडवं पडलं होतं, खिडकीच्या काचांवर मिठाचा थर. काल संध्याकाळी वारा वायव्येकडे फिरला होता, क्रेस्टन म्हणाला होता मोठं येतंय. आलेलं दिसलं.

खाली गेलो. बोडिलबाई चुलीजवळ शाल वाळवत होत्या. बूट वाळूने भरलेले.

"गेलं, मालक," त्या म्हणाल्या. "पहाटे. उजाडल्यावर जाऊन बघून आले. पायऱ्या, तळघर, झेंडा, काही नाही. स्वयंपाकघर होतं त्याच्याही मागे कडा आलाय."



"मला उठवलं का नाहीत?"

"आले होते दारापर्यंत. घोरत होतात."

"असल्या वादळात?"

"असल्या वादळात." त्यांनी शाल उलटी केली. "माझी खोली तुमच्या खाली आहे. बाईसाहेब गेल्यापासून एक रात्र अशी नाही गेली की तुम्ही डोक्यावर इकडून तिकडे फिरला नाहीत. काल वारा छप्पर उचलायला बघत होता आणि वर कोणी फिरत नव्हतं. म्हटलं, काय उठवायचं."

ही गोष्ट मी ह्या वहीत कधी लिहिली नाही. कोणाला सांगितलीही नाही. मला वाटायचं, मोजे घालून फिरतो, कोणाला ऐकू जात नाही.

त्या किती रात्री जाग्या होत्या, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. बघून यावं म्हणून कोट अंगात घातला, दारापर्यंत गेलो, आणि मग काढून परत खुंटीला लावला. बोडिलबाईंनी टेबलाजवळची दुसरी खुर्ची ओढून दिली. लापशी गरम होती. दोघांनी एकाच टेबलाशी बसून खाल्ली. इतक्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं, आणि झालं तेव्हा विशेष काही वाटलंही नाही.

"उद्या जाऊन बघू," मी म्हणालो.

"उद्या वारा पडेल," बोडिलबाई म्हणाल्या. "जाऊ."